छत्तिसाव्या वर्षीचा भाव

मार्च महिन्यात पोरांचं नाव कुठल्याही नव्या शाळेत घालू नकोस, असं डोनेल प्रुइटने तिला चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा विनी पोटात होती, ऑड्राला सतत लोणचं खावंसं वाटत होतं, आणि डोनेलच्या स्वयंपाकघरात कोलंबसच्या संघातल्या सगळ्या बायका कागदी टोप्या घालून केक खात बसल्या होत्या. डोनेलचा नवरा म्हणजे त्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा सेंटर, ऑड्राचा नवरा गस याच्या हातात चेंडू देणारा माणूस. अकरा वर्षं तो वाकून उभा राहिला आणि त्याच्या पायांमधून गसने, म्हणजे चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने, चेंडू घेतला, त्यामुळे डोनेल स्वतःला गसची मोठी वहिनी समजायची आणि बोलायचीही तशीच. "शाळेत नाही, दवाखान्यात नाही, सामान हलवणाऱ्याकडे तर नाहीच नाही," केकची सुरी ऑड्रापुढे नाचवत ती म्हणाली होती. "क्वार्टरबॅकच्या बायकोने मार्चमध्ये, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या दिवसांत, दुसऱ्या गावात कुत्र्याचे केस जरी कापून आणले ना पोरी, तरी ती बातमी होते." ऑड्रा हसली होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. जी गोष्ट दाबून, वाळवून, खाली चिठ्ठी चिकटवून ठेवता येते तिच्यावर तिचा विश्वास. जुन्या बायकांना नियम लागतात, असं तिला वाटलं, आणि तिने आणखी एक लोणच्याची काकडी घेतली.

आणि आता ती गाडी धुण्याच्या बोगद्यात बसली होती. या बोगद्यात गाडी आपण चालवायची नसते. सुकाणूवरचे हात काढायचे, पाय मागे घ्यायचे आणि खालची साखळी ओढून नेईल तसं जायचं. विनीला हे जगातलं सगळ्यात मोठं सुख वाटे. काचेवर गुलाबी फेस पडला की ती "राक्षस आला!" म्हणून किंचाळायची, आणि आठ महिन्यांचा ऑटो त्या किंचाळण्यातही झोपून राहायचा. ऑड्रालाही बरं वाटे. दोन पोरं, एक नवरा, आणि तीन मिनिटं कसलीच जबाबदारी नाही. रेडिओ चालू होता. दुपारचा खेळांचा कार्यक्रम, डेल आणि त्याचा तो कारणाशिवाय हसणारा जोडीदार. "यंदा बाजारात म्हातारे क्वार्टरबॅक किती आलेत माहीत आहे? मी नऊ मोजले," डेल म्हणत होता. "नऊ! अरे, एवढे तर वृद्धाश्रमाच्या सहलीलासुद्धा येत नाहीत," जोडीदार हसला. "आणि वर कॉलेजातून येणारी चार पोरं. मग आपल्या छत्तीस वर्षांच्या गस हाव्लिकचं कोण काय देईल?" "सहावी फेरी." "सहावी?" "तीही अटीवर." "कसली अट?" "विमानातून स्वतःच्या पायांनी उतरला पाहिजे."

मोठाले निळे ब्रश काचेवर येऊन थडकले. ऑड्राचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. एप्रिलमध्ये सगळे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्या होतात. जुना खेळाडू कोणाला द्यायचा तर बदल्यात त्यांची एखादी पाळी घ्यायची, हे तिला आता आठ वर्षांच्या संसारात डाळिंबाचे दाणे काढण्याइतकं सवयीचं झालं होतं. सहाव्या फेरीत घेतलेल्या पोराचं नाव ऑगस्टनंतर बहुधा त्याच्या आईशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही. सहावी. ऑटोच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा गसने तिच्या कमरेवर पालथा हात ठेवला होता आणि मणक्याच्या एकेका मण्यावरून बोटं अशी फिरवली होती की दुखणं नेमकं जिथे होतं तिथेच ती थांबली. हा माणूस न बघता बघतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ते बोट कितव्या फेरीचं? तिला राग आला, आणि राग आल्यावर सवयीप्रमाणे तिने तो उलटून पाहिला. माणसाला भाव लावतात म्हणून तो राग आला नव्हता. भाव कमी लावला म्हणून आला होता. हे कळल्यावर तिला फेसाळलेल्या गुलाबी उजेडात एकटीलाच लाज वाटली.

"व्हीलिंगहून स्टॅन लाइनवर आहे," डेल म्हणाला. "बोल स्टॅन."

"ऐका रे दोघं," एक खरखरीत आवाज आला. "तुम्ही त्याचा खांदा मोजता. डोकं मोजा की! समोरच्या अकरांपैकी कोण खोटं धावणार ते त्याला चेंडू हातात यायच्या आधी कळतं. ते शिकायला पोरांना दहा वर्षं लागतात, आणि निम्मी पोरं तोवर विमा विकायला लागलेली असतात. सहावी फेरी म्हणे! सहाव्या फेरीत चांगले बूट येत नाहीत."

"स्टॅन, या महिन्यात हा तुझा चौथा फोन. गस तुला पगार देतो का रे?"

"मला कोणी पगार देत नाही. मी रिटायर माणूस आहे."

त्याच्या मागे कुठेतरी खरखर चालली होती आणि एक बाई सपाट आवाजात सांगत होती की गुरुवारच्या कचऱ्याच्या पिंपांवरून दोन शेजाऱ्यांची जुंपली आहे, गाडी पाठवा. पोलिसांच्या बिनतारीवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र. ते दिवसभर स्वयंपाकघरात लावून ठेवणारा एकच माणूस ऑड्राला ठाऊक होता, आणि तो व्हीलिंगला राहत नव्हता, नदीच्या अलीकडे बेलेअरला राहत होता, आणि त्याचं नाव स्टॅन नव्हतं. लेन हाव्लिक, वय चौऱ्याहत्तर, रेल्वे यार्डातून निवृत्त, तिचा सासरा. साखळीने गाडीला हलकेच धक्का देऊन बोगद्याबाहेर सोडलं. समोर लख्ख ऊन होतं. मागची गाडी भोंगा वाजवीपर्यंत ऑड्रा हसत तिथेच बसून राहिली.

घरी गस मागच्या चिखलात उभा राहून झाडाला टांगलेल्या जुन्या गादीवर चेंडू मारत होता. गादीवर त्याने खडूने विदूषकाचं तोंड काढलं होतं. नाकावर बसला की स्वतःच आरोळी द्यायचा. "डॅडी, तू सहावा आलास!" विनी धावत ओरडली. "सहावा?" गसने तिला काखोटीला मारलं. "बक्षीस काय मिळालं?" त्याला अर्थात सगळं माहीत होतं. तो जेवताना स्वतःच्या भावाबद्दल असा बोलायचा, की जणू बाजार उठायच्या वेळी टोपलीत उरलेल्या टोमॅटोंबद्दल बोलतो आहे. तेवढे निम्म्यात घ्या, बाई, डाग कापून टाकला की आत छान आहे. त्याचा एजंट फेल्डर याने दुपारी फोन करून सांगितलं होतं की ॲक्रनच्या संघाशी जवळजवळ ठरलं आहे. सहावी फेरीच, पण गुपचूप, चार दिवसांत. कोलंबसला नवा पोरगा खेळवायचा होता. ॲक्रनलाही नवाच पोरगा खेळवायचा होता, फक्त त्याच्याशेजारी कानाला यंत्र लावून, हातात पाटी घेऊन उभा राहणारा कोणीतरी जाणता हवा होता. "मास्तरकी," गस म्हणाला. "मला आवडेल. मी फळा पुसतो छान." आणि हसला. पण हसताना त्याचा अंगठा हातातल्या बाटलीवरचा कागद कोपऱ्यातून सोलत राहिला, सोलत राहिला, आणि बाटली उघडी पडल्यावरही काचेवर तसाच फिरत राहिला. हे ऑड्राने पाहिलं. पाहणं हा तिचा रोगच होता. त्याच वेळी तिच्या मनात दुसराच हिशेब चालला होता आणि त्या हिशेबाने तिला मोकळं वाटत होतं: ॲक्रनहून बेलेअर दोन तास, इथून दोन तास. म्हणजे गुरुवार तसाच राहील.

गुरुवार तिचा होता. दोन हिवाळ्यांपूर्वी सासू गेली, तेव्हापासून दर गुरुवारी ती पोरांना गाडीत घालून बेलेअरला जायची. लेनचं हृदय अर्ध्या नोकरीवर होतं, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे डॉक्टर वेगळ्या शब्दांत म्हणाले होते, हे शब्द लेनचे. आपल्याला कोणी बघायला येतं हे लेनला कळू द्यायचं नाही, पोरं आजोबांकडे येतात एवढंच, असा न बोलता ठरलेला करार होता. ती वरवर भांडी घासायची आणि आतून एकेक गोष्ट टिपायची. दूध कितीसं उरलंय. टपाल उघडलंय का. त्याचे बूट बांधलेले आहेत की तो सपाता घालून हिंडतो आहे. सपाता म्हणजे पाय सुजले, बूट चढत नाहीत. त्या गुरुवारी तो सपातांत होता.

"कितीला निघालीस?" मागच्या दारातच त्याने विचारलं.

"दहाला."

"म्हणजे ताशी ऐंशी मैलांनी हाणलीस गाडी. माझी नातवंडं आत घालून."

"लेन, सकाळची गोळी घेतली तुम्ही?"

"कुठली? पांढरी, का ती घोड्याची?"

"घोड्याची."

"घोड्याने घेतली," लेन म्हणाला आणि ऑटोला तिच्या कडेवरून घेऊन यंत्रापाशी गेला. "हे बघ बाबा, कुठेतरी कुणाचा नळ फुटलाय. ऐक." त्याने त्यांच्या खोऱ्यातला तो पिझ्झा आणून ठेवला होता, गरम पावावर गार चीज आयत्या वेळी भुरभुरलेलं. ऑड्राला पहिल्या वर्षी हा कसला अर्धवट प्रकार वाटला होता आणि आता दुसरीकडचा गिळवत नसे. विनी जेडोच्या मांडीवर बसून चीज वेगळं करून खात होती. आजोबाला जेडो म्हणायचं हे गसच्या आजीने स्लोव्हाकियातून आणलेलं एवढं एकच सामान घरात उरलं होतं.

"व्हीलिंगला तुमच्या ओळखीचा कोणी स्टॅन आहे का?" ऑड्राने ताटली पुसत विचारलं.

लेनने वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, परत घातली. "व्हीलिंगच्या कुठल्याही गल्लीत स्टॅन म्हणून हाक मार. तिघे खिडकीत येतील."

"रेडिओवर बोलतो एक. बरं बोलतो."

"हो का?" घडी थांबली. "बरं म्हणजे कसं?"

"सहाव्या फेरीत चांगले बूट येत नाहीत म्हणाला."

लेन हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकल्याने तोंड लाल झालं, आणि पाण्याचा पेला हातात घेऊनही तो डोळे पुसत हसतच राहिला. "कोण आहे कोण जाणे," तो म्हणाला, "पण माणूस हुशार दिसतो."

मागच्या गल्लीत गाडीत बसल्यावर तिला त्या सपाता दिसायला लागल्या. पोरांचे पट्टे लावून झाले होते, किल्ली फिरवायची राहिली होती. तिच्या बाबतीत नेहमी असंच व्हायचं. मोठी गोष्ट आवाक्याबाहेर गेली की तिला कुठलीतरी लहान गोष्ट त्या क्षणी, तिथल्या तिथे करून टाकावीशी वाटे. आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तिने इस्पितळातल्या अनोळखी कुंड्यांमधली पिवळी पानं काढली होती. लेनचं हृदय तिला दुरुस्त करता येत नव्हतं, गसचा अंगठा थांबवता येत नव्हता. पण ॲक्रनला चार वर्षांच्या मुलांची एक चांगली शाळा होती आणि तिथे सप्टेंबरची यादी लवकर भरते असं तिने वाचलं होतं. नुसतं विचारून ठेवावं. डोनेलची केकची सुरी क्षणभर डोळ्यांपुढे चमकून गेली असेलही. तिने फोन लावला. पलीकडची बाई गोड होती, मुलीचं वय, लस, झोपेची वेळ, सगळं टिपत गेली. मग तिने आडनाव विचारलं.

"हाव्लिक."

पलीकडची टकटक थांबली. "हाव्लिक? म्हणजे ते... आपले हाव्लिक?"

"नाही. म्हणजे, हो. पण मी नुसती चौकशी करतेय."

"अर्थात," बाई म्हणाली. "अगदी अर्थात." आणि तिचा आवाज एकदम इतका गोड झाला की ऑड्राला जरा चमत्कारिक वाटलं. पण नदीकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत ते गेलं. एक काम झालं होतं. तिने विनीबरोबर गाणंसुद्धा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोनेलचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "पोरी, ॲक्रनला शाळेत नाव घातलंस?"

"नुसती चौकशी केली."

"चौकशी! शाळेतल्या बाईने मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्याने डेलला फोन केला, आणि माझा नवरा आता स्वयंपाकघरात उभा राहून मला विचारतोय की गस ॲक्रनला चाललाय हे मला कसं माहीत नाही. कुठला महिना आहे हा?"

"मार्च," ऑड्रा म्हणाली.

"मग मी काय सांगितलं होतं?" पण तिला पुढे रागावता आलं नाही. ती हसत सुटली, त्या मोठ्या, अलाबामातून आणलेल्या हसण्याने. ऑड्रा फोन कानाशी धरून जमिनीवर बसली, फ्रिजला पाठ टेकून, आणि रडू येतं आहे की काय ते बघत असताना तिलाही हसू आलं.

पुढचे तीन दिवस तिला नंतर आठवायचे ते एका चर्चच्या तळघरासारखे. ती दहा वर्षांची असताना तिथे जुन्या वस्तूंची विक्री होती आणि ती आईशेजारी टेबलामागे उभी होती. एक दिवा होता, बदकाच्या आकाराचा, इतका कुरूप की लोक त्याच्याकडे बघून नजर वळवायचे. दुपारभर तो तसाच पडून होता. मग एका बाईने सहज, काहीतरी हातात धरायचं म्हणून, तो उचलला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाईचा हात पुढे आला. दोघी बदकाला धरून उभ्या. आईने किंमत पुसून नवी घातली तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. तसंच आता झालं. गसची बायको ॲक्रनला शाळा शोधतेय म्हणजे ॲक्रनला तो खरोखर हवाय, आणि ॲक्रनला हवाय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं पोर्टलंडला वाटलं. पोर्टलंडला खेळणाराच हवा होता. नऊ जणांतून निवांत एक उचलू म्हणून ते बसले होते, ते खडबडून उठले. पाचवी देतो म्हणाले. ॲक्रनही पाचवीवर आलं. पोर्टलंड चौथीवर गेलं, ॲक्रन पाचवीवरच थांबलं, पण थांबलं हे पोर्टलंडला कळलंच नाही, आणि रविवारी त्यांनी तिसरी फेरी देऊ केली. विनाअट. फेल्डरने फोन केला तेव्हा तो धापा टाकत होता. "ती शाळेची अफवा कोणी सोडली? मला तो माणूस कामावर ठेवायचाय. जन्मात असली चाल पाहिली नाही!" गसने ऑड्राकडे बघितलं. ऑड्राने ऑटोच्या टाळूत तोंड लपवलं. "तो माणूस सध्या पोर सांभाळण्यात गुंतलाय," गस म्हणाला, आणि फोन ठेवून इतका हसला की त्याला दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरावा लागला. रेडिओवर स्टॅनचा फोन आला होता म्हणे. तो फक्त "तिसरी. ऐकलंत?" एवढंच म्हणाला आणि त्याने फोन आपटला.

त्या संध्याकाळी गसच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. पाटी नाही, कानाला यंत्र नाही. तो खेळणार होता. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या न् मिरपुडीच्या बाटल्या मांडून त्याने विनीला पोर्टलंडची सगळी चढाई समजावून दिली, आणि विनीने मोहरीच्या बाटलीला चोरून पुढे ढकललं तेव्हा "खोटं धावतेय ती, मला दिसलं!" म्हणून तिचे गाल ओढले. मग भांडी पुसताना तो थांबला. हातातली ताटली कोरडी झाली तरी तो पुसत होता. तिला कळलं. तिला रविवार दुपारपासूनच कळलं होतं. पोर्टलंड म्हणजे सबंध देश ओलांडून, दोन विमानं. तिथे गुरुवार नव्हता.

"पॉपला कोण बघणार?" तो आपल्या बापाबद्दल म्हणाला.

त्यांनी लेनला चला म्हणून पूर्वी दोनदा विचारलं होतं, इथल्या इथे कोलंबसलासुद्धा. "तिकडे माझं यंत्र काय बोलणार?" तो म्हणाला होता. "अनोळखी लोकांच्या चोऱ्या ऐकून मी काय करू?" गसच्या करारात एक कलम होतं, त्याच्या सहीशिवाय त्याला कोणाला देता येत नव्हतं. मंगळवारी दुपारपर्यंत सांगायचं होतं. "नाही म्हणून टाकतो," गस म्हणाला. "ॲक्रन अजून पाचवीला तयार आहे. फळा पुसतो मी छान." या वेळी तो हसला नाही. ऑड्राने त्याच्या हातातली कोरडी ताटली घेऊन फळीवर ठेवली. त्याने नाही म्हणावं असं तिला वाटत होतं. सपाता दिसत होत्या. आणि मिठाच्या बाटलीवर वाकलेला त्याचा चेहराही दिसत होता. एका फोनने तिने त्याला महाग करून ठेवला होता, आणि आता तो तिलाच परवडत नव्हता. त्याने बापाला फोन केला. या दोन माणसांनी आयुष्यात एकमेकांशी चेंडूखेरीज कशाबद्दलही बोलून दाखवलं नव्हतं. बायको गेली तेव्हासुद्धा लेन फोनवर आधी कालच्या सामन्याबद्दल बोलला होता. "नदीला पाणी चढलंय," लेन म्हणाला. "तुझं तू बघ. विनीचा घसा दुखतोय ना, मध दे." संपलं.

सोमवारी दुपारी गस ओट्याशी विनीसाठी सफरचंद कापत होता, साल सलग काढायची त्याची हौस. रेडिओ चालू होता. डेल म्हणाला, ऐकण्यात येतंय की गस पोर्टलंडला नाही म्हणणार. घरची अडचण आहे. "तिसरी फेरी वाया," जोडीदार म्हणाला आणि कधी नव्हे तो हसला नाही. "व्हीलिंगहून स्टॅन."

"घरची अडचण कसली?" खरखरीत आवाज आला. आज मागे कसलाही आवाज नव्हता. यंत्र बंद केलेलं होतं. "मी त्या घराला ओळखतो. म्हातारा ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, गोळ्या घेतो, घोड्याचीसुद्धा. पोरगं हातात पाटी घेऊन कडेला उभं राहिलेलं त्याला बघायचं नाहीये. त्यासाठी त्याने टीव्ही नाही घेतला. आणि पोर्टलंडचा सामना इथल्या चारला सुरू होतो. म्हणजे चर्च, जेवण, डुलकी, सगळं उरकून माणूस निवांत बसतो. एवढी सोय ॲक्रन करणार आहे का?"

"स्टॅन," डेल म्हणाला, "तू त्या म्हाताऱ्याला फारच जवळून ओळखतोस."

"रोज दाढी करताना भेटतो."

ऑड्राने गसकडे बघितलं नाही, सालीकडे बघितलं. ती तुटली नव्हती, सुरीपासून लोंबत होती, लांब, लाल. मग डेलचा आवाज आला, त्याचा नेहमीचा नव्हे, आतला. "त्याला सांग स्टॅन, आमची चूक झाली. तिसऱ्या फेरीतही स्वस्तात गेला."

"सांगतो," स्टॅन म्हणाला.

"तुला माहीत होतं?" ऑड्राने विचारलं.

"पहिल्या फोनपासून," गस म्हणाला. "'ऐका रे दोघं' असं म्हणून त्याने मला आणि आता परदेशी असलेल्या माझ्या भावाला पंधरा वर्षं उठवलंय."

"मग कधी बोलला का नाहीस त्याच्याशी?"

"बोललो असतो तर त्याने फोन करायचं बंद केलं असतं." त्याने सफरचंदाच्या फोडी ताटलीत मांडल्या, विनीच्या पुढे ठेवल्या, हात पुसले आणि फेल्डरचा नंबर फिरवला.

ते गेले. डोनेलने सामानाच्या गाडीवर हात आपटून त्यांना निरोप दिला आणि नव्या शाळेत आता खुशाल नाव घाल म्हणाली. पोर्टलंडला नेचे आहेत, भिंतीवर, छपरावर, झाडांच्या फांद्यांवरसुद्धा, आणि ऑड्राला त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं येतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच तिथे ओळखीचं कोणी नाही असं तिला वाटेनासं झालं. गस खेळतो. लेन रोज फोन करतो, सात मिनिटं बोलतो, चेंडूवरच. आवाज चांगला असतो. पण आवाज चांगला काढणं त्याला किती छान जमतं हे तिने रेडिओवर ऐकलं आहे, आणि फोनमधून पाय दिसत नाहीत.

म्हणून ऑड्राचं तुमच्याकडे एक काम आहे. तुमचं कोणी ना कोणी कोलंबसला असतंच, भाचा, मैत्रीण, जाऊबाईंची मुलगी. कधी त्यांच्याकडे गेलात आणि एखादा गुरुवार मोकळा मिळाला, तर पूर्वेच्या रस्त्याने दोन तास बेलेअरला जाऊन या. दगडी पुलाच्या अलीकडची गल्ली, दारावर हिरवं कापडी छत असलेलं घर. पुढचं दार वाजवू नका, ते कोणी उघडत नाही, मागून जा. तिने पाठवलंय असं मुळीच सांगायचं नाही. रस्ता चुकलो म्हणा, तो आत बोलावील. खायला देईल ते खा, चीज गार आहे म्हणून तक्रार करू नका, आणि गसचा विषय काढलात तर संध्याकाळपर्यंत बसायची तयारी ठेवा. तब्येत विचारलीत तर ठणठणीत म्हणेल, त्यावर जाऊ नका. निघताना बघा. तो येणाऱ्या प्रत्येकाला, मीटर वाचणाऱ्यालासुद्धा, फाटकापर्यंत सोडायला येतो. फाटकापर्यंत आला तर काही कळवायची गरज नाही. खुर्चीत बसूनच हात केला, तर तिला लगेच फोन करा.